परत मागितलेले मणी

सिंधूकाकू बाळाचा चेहरा आधी पाहत नसत, मनगट पाहत. साकोलीच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही कडेवरचं मूल दिसलं की त्या जवळ जात. मुलाच्या हाती काळ्या मण्यांची दोरी असली, तर तिच्याखाली बोट घालून ओढून पाहत. बाया दचकत, चिडत. एसटीत एकीने त्यांचा हात झटकून टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माय, मले शिव्या दे, पन हे काढून टाक."

मी लग्न होऊन एकोडीला आले तेव्हा त्या अशा नव्हत्या. आमच्या शेजारीच त्यांचं घर. दुपारी ओसरीवर सुपात मणी पसरून त्या बसत आणि पोती, गळसऱ्या, बांगड्या ओवत. मी त्यांच्याकडेच शिकले. एकदा माझ्या माळेत मधलाच एक मणी चुकला. मानेमागे जाईल, कोणाला दिसणार, असं मी म्हटलं. काकूंनी हसत सगळी माळ सुपात सोडली. "चुकलं त उसव, पोरी. मन्याले काही राग येत नाही."

गावात कोणाकडे बाळ झालं की काकू काळ्या मण्यांची मनगटी घेऊन जात. तिचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. "नजरेचं इकाचं नसते," म्हणत.

त्यांची मुलगी वंदना बाळंतपणाला आली, तेव्हा नातवाच्या हातीही तशीच मनगटी बांधली गेली. पुढे धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती पुन्हा माहेरी आली होती. रांगायला लागलेलं ते पोर ओसरीत खेळत होतं आणि काकू तिथेच बसून ओवत होत्या. मनगटी कधी तुटली ते कळलं नाही. बाळ एकदम घुसमटलं, ओठ निळे पडले. वंदनाच्या किंकाळीने मी धावत गेले. ऑटोने साकोली गाठली. डॉक्टरांनी घशात पाहिलं, मणी खाली श्वासनळीत गेला होता. त्यांनी लगेच भंडाऱ्याला न्यायला सांगितलं. लाखनी मागे पडली आणि वंदनाच्या मांडीवरचं बाळ ढिलं झालं. काकू ड्रायव्हरला सारख्या म्हणत होत्या, "जोऱ्यानं घे ना बापा, जोऱ्यानं घे ना."

वंदनाने आईला दोष दिला नाही. बाळाला माती दिल्यावर काही दिवसांनी सासरचे तिला घेऊन गेले.

काकूंनी जेवण टाकलं. मी ताट घेऊन गेले की त्या तुटलेली दोरी हातात धरून बसलेल्या असत. एका सकाळी मला म्हणाल्या, "पाह्य. तेलपानी लागून, लेकरानं चोखून सूत कुजलं. काचेच्या मन्याची धार लागली. अन् सारे मनी मी एकाच गाठीच्या भरोशावर ठेवले." मग माझा हात घट्ट धरला. "वर्षा, किती लेकराइच्या हाती बांधून ठेवलं हाय मी हे!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघू लागलो. मी स्कूटी चालवायची, काकू मागे. त्यांनी नुसत्या काळ्या दोऱ्याचे, बिनमण्यांचे गोफ विणून घेतले होते. मनगटी काढायची आणि त्याजागी गोफ बांधायचा. काही जणींनी निमूट दिली. काहींनी दार लावून घेतलं. एका घरी तर म्हातारी अंगावरच आली. "सोताचा नातू खाल्ला, आता आमच्या लेकराचं नजरेचं काढाले आली का?"

मी काकूंना मागे ओढलं. त्या हलल्या नाहीत. "हो बाई, खाल्ला," त्या म्हणाल्या. "म्हनूनच आलो. माह्या हातानं ओवलं ते मले वापस दे." त्यांनी अंगणात पदर पसरला. म्हातारी आत निघून गेली. थोड्या वेळाने तिच्या सुनेनेच मनगटी कापून त्या पदरात टाकली.

हळूहळू सगळ्या मनगट्या परत आल्या. एक सोडून. हायवेच्या पुलाच्या कामावर आलेली एक परप्रांतीय मजूर बाई साकोलीच्या बाजारात भेटली होती. तिचं तान्हं रडत होतं, म्हणून काकूंनी पिशवीतली मनगटी त्याला बांधली होती. नाव विचारलं नव्हतं. आम्ही पुलापाशी गेलो तेव्हा तिथल्या झोपड्या उठलेल्या. कोणी सांगितलं, ती माणसं कारध्याला कामाला गेली. आम्ही कारध्याला गेलो. तिथे वैनगंगेच्या काठी ताडपत्रीच्या खोपटांतून काकू प्रत्येकीला विचारत फिरल्या. हिंदी धड येत नव्हती, तर स्वतःचं मनगट धरून दाखवत होत्या. बाया माना हलवत होत्या. शेवटी मुकादम म्हणाला, ती टोळी तर केव्हाच गेली, कुठे ते ठाऊक नाही. काकू तिथेच रेतीच्या ढिगावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या.

पुढे त्या पुन्हा ओवू लागल्या, पण मोठ्या बायांचंच, आणि प्रत्येक मण्यामागे गाठ मारून. मण्यांना राग येत नाही, हे मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. बाजारात मनगटं ओढून पाहणं शेवटपर्यंत चाललं.

गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. वंदना येऊन उशाशी बसली होती, आईचे पाय चेपत होती. काकूंचं लक्ष दाराकडे. पुलावरचे लोक आले का, म्हणून विचारत.

मी म्हटलं, "काकू, इतकी वर्षं झाली. ते पोरगं आता मोठं झालं असेल. शाळेत जात असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती विनवणी होती.

"झालं असन त कोनी येऊन सांगत काहून नाही मले?"