नंबर नसलेला दगड

"खडा कुठाय? अरे, जीवखडा कुठाय तुमचा?" रोह्याच्या घाटावर गुरुजी असे ओरडत होते की कुंडलिकेचं पाणी घाबरून दोन हात मागं सरलं असावं. त्यांच्यासमोर मधूचा पुतण्या दिनेश रिकामं फडकं धरून उभा होता. मधूच्या दहाव्याची ही सकाळ. स्मशानातून उचललेला खडा, ज्यात गेलेल्याचा जीव दहा दिवस धरून ठेवतात, तो त्या फडक्यात बांधून दिनेशनं परसातल्या शेवग्याला टांगला होता. येताना घाईत फडकं पिशवीत कोंबलं, आणि इथं उघडून पाहतो तर आत काहीच नाही. पिंड मांडलेले, पलीकडच्या झाडावर कावळ्यांची ही पंगत, आणि एकही हलत नव्हता. खडा नदीत सोडल्याशिवाय माणूस सुटत नाही म्हणतात... जन्मभर दगड वेचलेल्या माणसाचा स्वतःचाच दगड हरवला होता.

मधू आणि मी नदीपलीकडच्या अष्टमी गावातले, शाळेत एका बाकावरचे. तो पुढं भूगर्भशास्त्रज्ञ झाला, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात तीनदा जाऊन आला. पण तालुक्यात त्याची कीर्ती पसरवली ती मी. धरमतरच्या धक्क्यावर मी सांगितलंय, की पेंग्विनांनी मधूला बिनविरोध सरपंच केला आणि सहा महिन्यांत अविश्वास ठराव आणून उतरवलाही. तिथं दाढी करायची तर आधी ती हातोडीनं फोडावी लागते, हेही सांगितलंय. खलाशी तोंडाचा आ करून ऐकायचे आणि मधू शेजारी बसून बिडी विझवत म्हणायचा, "सरपंच नाय रे. पेंग्विन मी लांबूनच बघितले." मी वाढवायचो, तो वजा करायचा. पन्नास वर्षं आमचा संसार असा चालला.

त्याचं आजोळ पेणचं, मामांचा गणपतीचा कारखाना. सुट्टीत तिथं तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी शिकला. हात असा की मामा म्हणायचे, ह्याला शाळेत घालून तुम्ही देवाचे डोळे घालवलेत. तिथला एक बारीक ब्रश त्यानं शेवटपर्यंत जपला. दगड घरी आला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि वाळला की त्यावर काळ्यानं नंबर, वळणदार, देवाची पापणी काढावी तसा. "नंबर नसलेला दगड आंधळा असतो," म्हणायचा. "कुठून आला ते त्यालाच आठवत नाय." पडवीतल्या फळ्या अशा डोळस दगडांनी भरलेल्या होत्या. रात्री मुक्कामाला राहिलो तर मी त्यांच्याकडं पाठ करून झोपायचो.

मीठमसाला न लावता मी मधूची एकच गोष्ट सांगतो, कारण ती त्यानंच मला एकदा, भर दुपारी, याच पडवीत सांगितली होती. बर्फात त्यांचा तंबू होता, आत चौघं. वादळ सुटलं ते दिवसेंदिवस थांबेना. आदल्या दिवशी वेचलेल्या दगडांची गोणी बाहेरच राहिली होती, तोंड बांधलेली. कुणी बाहेर पडलं नाही, पडताच आलं नसतं. वादळ निवल्यावर गोणी सोडली, तर प्रत्येक दगडावर ठिपका आणि ठिपक्यावर नंबर. अक्षर मधूचं. मी हसलो, म्हटलं, मधू, आता तू माझ्या धंद्यात उतरलास. तो हसला नाही. "मीच टाकले असणार," म्हणाला. "थंडीत माणूस इसरतो." मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत बसला... पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, आणि मीही धक्क्यावर ती गोष्ट कधी विकली नाही.

तर घाटावरून दिनेशच्या मोटरसायकलवर बसून पूल ओलांडला आणि अष्टमी गाठली. वहिनी, मधूची बायको, दारातच होत्या. वहिनी गागोद्याच्या, घराला आग लागली तरी आवाज न चढवता सांगतील. म्हणाल्या, परसात शेवग्याखाली दगड पडलेला दिसला. फडकं कधी सुटलं काय माहीत. घरात सुटा दगड दिसला की धुऊन फळीवर ठेवायचा, चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला. त्यांच्या डोक्यात उजेड पडला तोवर आम्ही घाटावर पोचलो होतो. एवढं सांगून त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, चुकीचा नका नेऊ. ह्यांना अडकवून ठेवायचं नाय मला."

मी म्हटलं, त्यात काय, बाकीच्या सगळ्यांवर नंबर आहेत. नसलेला उचलायचा. दिनेश एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून पाहत आलो. मधोमध आमची डोकी आपटली. नंबर नसलेला एकही दगड फळ्यांवर नव्हता.

वहिनी आत आल्या, त्यांनी सगळ्यात खालच्या फळीचं शेवटचं टोक दाखवलं. तिथं एक काळा, ओबडधोबड दगड होता. कुंडलिकेच्या काठावर ढिगानं मिळतो तसलाच. त्यावर ठिपका होता आणि शेजारच्या दगडाच्या पुढचा नंबर. वळण तेच, पापणीचं. मी तो उचलला, तर असा गार की शेवग्याखालच्या मातीतून नव्हे, कुठून तरी फार लांबून आलेला. घाटावर पोचलो तेव्हा माझ्या अंगठ्याला पांढरा रंग लागला होता. ओला.

मी कुणाला काही बोललो नाही. माझं खरं कोण मानणार? गुरुजींनी खड्यावर तिलांजली दिली, दिनेशनं तो पाण्यात सोडला, आणि हात जोडायच्या आधी कावळा पिंडावर उतरलेला होता.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. वहिनी पडवीत वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. खालच्या फळीच्या टोकाला दगडाएवढी जागा मोकळी, तिथं धूळही बसलेली नाही. शेजारी पेल्यात मधूचा ब्रश, केस खाली करून ठेवलेला. मधू कधी असा ठेवत नसे; त्यानं टोक मोडतं म्हणायचा. मला बरं वाटलं. म्हणजे ब्रश वहिनींनीच घेतला होता, उगाच आपण इतके दिवस जागे राहिलो.

"वहिनी, त्या खड्यावर नंबर तुम्हीच टाकलात ना?"

त्यांनी हातातली डाळिंबी सोलून ताटात टाकली.

"मी कशाला टाकू? मी ब्रश धुतला तेवढा."