सरांचा जुना डिजिटल

आमच्या घरात जुनी वस्तू टाकून देत नाहीत. ती मला देतात. सरांनी नवा मोबाइल घेतला की जुना माझ्या पर्समध्ये येतो. नवं घड्याळ आलं की जुन्याच्या पट्ट्याला एक भोक जास्त पाडून ते माझ्या मनगटावर चढतं. शेजारणी म्हणतात, नवऱ्याचं फार लक्ष आहे हो तुमच्याकडे. आहे ना. कपाटात जागा उरली नाही की त्यांना माझी आठवण येते.

सर म्हणजे माझा नवरा. नांदेडात त्यांचा केमिस्ट्रीचा क्लास आहे. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लग्न झालं तेव्हा ते लातूरला दुसऱ्याच्या क्लासात शिकवत होते. शिकवण्यापेक्षा क्लास काढणं जास्त शहाणपणाचं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं आणि आम्ही नांदेडला, त्यांच्या गावी परतलो. भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे, पहाटेपासून पोरांच्या सायकली. तिथं बाकड्यांच्याही आधी कॅमेरा आला. चंदेरी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा, पेन्सिल सेल खाऊन जगणारा. बटण दाबलं की तो आधी थोडा विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तोवर समोरच्याचं हसू उतरून गेलेलं असायचं.

कॅमेरा हवा होता तो फ्लेक्ससाठी. निकाल लागल्यावर दुपारच्या आत चौकात फ्लेक्स चढला नाही, तर शेजारचा क्लासवाला तीच पोरं आपली म्हणून लावून मोकळा होतो. म्हणून फोटो निकालाच्या आधीच काढून ठेवायचे. सर हुशार पोरं वेचून भिंतीपाशी रांगेत उभी करत. लोहा, कंधार, देगलूरकडून आलेली पोरं ती, त्यांच्याकडे टाय कुठून असणार? क्लासचा एक निळा टाय होता, इलॅस्टिकचा. एकाच्या गळ्यातून काढायचा आणि घामासकट दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायचा. फ्लेक्सवर सगळे जिंकलेले आणि सगळ्यांच्या टायवर तोच चहाचा डाग. निकाल लागला की सर ताटावर बसून उरलेली पोरं डिलीट करत. "हा गेला. हिचं काही खरं नव्हतंच. ह्याला राहू दे, पुढच्या वर्षी रिपीटर म्हणून येईल." एका हातात घास, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर. मी पोळी वाढता वाढता ते बघायची आणि माझं डोकं फिरायचं.

पुढं क्लास वाढला, स्लॅबच्या इमारतीत गेला आणि सरांनी मोठा कॅमेरा आणला. काळा, जड, गळ्यात अडकवायचा. त्याचं भिंग पुसायला वेगळं फडकं. ते फडकं धुवायचं नसतं, असं मला दोनदा बजावलं. त्या आनंदात क्लासचे पार्टनर आणि त्यांच्या बायका जेवायला आल्या. कुणीतरी विचारलं, "सर, मग जुन्याचं काय करणार?"

"पुनर्वसन करू," सर म्हणाले. "मॅडमचं गाव आहेच की."

सगळे खो खो हसले.

माझं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपात माझी आई गेली. मी तेव्हा सातवीत होते. नंतर आम्हाला नवीन गाव मिळालं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, ज्याची कमी त्याला छोटं, आणि शेजारी कोण ते सरकार सांगणार. पुनर्वसन म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझी जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरीसुद्धा भूकंपग्रस्तांच्या जागेवरची. भांडण झालं की सर ते हमखास काढतात. "तू तर भूकंपानं लागलीस नोकरीला." जणू मी भूकंप लावून घेतला होता.

मी हसले नाही. कढी वाढत होते, ती वाढत राहिले. ज्या पार्टनरला सगळ्यात जास्त हसू आलं होतं त्याच्या वाटीऐवजी ती त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेली. चुकून गेली असं सगळे म्हणाले. चुकून नव्हती गेली.

दुसऱ्या दिवशी मी जुना कॅमेरा पर्समध्ये टाकला. हौस म्हणून नव्हे, रागानं. मला देऊन टाकलाय ना, मग आता माझाच.

माझी शाळा लोह्याच्या पुढं, फाट्यावर उतरून चालत जायचं. पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढला तर पोरी गोळा झाल्या. "म्याडम, काय करायलात?" म्हटलं, उभ्या राहा. त्या ध्वजवंदनाला राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं, हा गाढव नेहमीसारखा विचार करत बसला. मला वाटलं निघाला, मी म्हणाले, "झाला!" पोरी सुटल्या, एकमेकींना ढकलायला लागल्या, एकीनं दुसरीच्या वेणीला हात घातला, आणि नेमका तेव्हा त्यानं फोटो काढला. छोट्या पडद्यावर बघितलं तर तसा फोटो मी आजवर कुठं बघितला नव्हता. त्यानंतर मी मुद्दामच तसं करायला लागले. आधी बटण, मग मोठ्यानं "झाला!" आणि मग खरा फोटो. सरांना जो दोष वाटायचा त्याच्यावर माझं सगळं चालायचं. टायची गरज नाही, निकालाची वाट बघायची नाही, कुणाला डिलीट करायचं नाही. मला तो कॅमेरा आवडायला लागला. लग्नानंतर माझी अशी एवढी एकच वस्तू मला आवडली होती.

आणि आपल्याला काही आवडलं की ते घरात लगेच कळतं. नणंदेचा फोन आला, तिच्या मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, तिला तो जुना डिजिटल हवाय. सर म्हणाले, "देऊन टाक. तू कशाचे फोटो काढणार आहेस? शेंबड्या पोरींचे?"

"हो. त्यांचेच."

"नुसता पडून राहतो तो."

"पडून नाही राहत. मी पडू देत नाही."

यावर आठवडेच्या आठवडे धुसफूस. नणंद फोनवर माझ्याशी बोलेना. ते एक बरं झालं.

त्याच वर्षी सरांच्या डोक्यात माहितीपत्रक शिरलं. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई आणि वर मोठ्या अक्षरात ‘ढिगाऱ्यातून शिखराकडे’. लातूरकडची माणसं भूकंपातून उठली आणि शिक्षणात पुढं गेली, असं ते सांगायचं होतं. सांगणार कोण, तर सर. भूकंप झाला तेव्हा सर नांदेडला होते आणि त्यांच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली होती. ढिगारा त्यांच्याकडे नव्हता. तो सासऱ्याकडे होता.

मला न विचारता त्यांनी माझ्या वडिलांना, आबांना फोन केला. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी बडबडले, भांडले आणि शेवटी म्हटलं, मीही येते. पर्समध्ये माझा कॅमेरा होता, नवे सेल घालून.

आम्ही पोचलो तर आबा दारातच उभे. कडक इस्त्रीचं धोतर, माझ्या लग्नातला सदरा आणि डोक्याला गुलाबी फेटा, जो लग्नात व्याह्यांनीच बांधला होता. सकाळी औशाला जाऊन दाढी करून आले होते. जावयाला आपला फोटो हवा म्हणजे आपण जावयाची शोभा राखली पाहिजे, असं त्यांनी धरलं होतं. मी कानाशी लागून म्हटलं, "आबा, मीपण काढणार हं तुमचा. हा बघा, माझा." त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. "बारका हाय की. चांगला हाय," म्हणाले. आधी जावयाचं होऊ दे, मग आपण निवांत काढू, असं आमचं ठरलं.

सरांनी आबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आबा, हे नको. जुने कपडे घाला. रोजचे. फाटका सदरा असेल तर बघा एखादा. आणि दाढी कशाला केली?"

आबांनी फेट्याला हात लावून बघितला. मग "हाव, हाव" म्हणत आत गेले. आतून फेटा सोडल्याचा आवाज आला. कापडाचा आवाज तो केवढा, पण मला तो ऐकू आला.

जुन्या गावात आता काही नाही. बाभळी, दगड, मधूनच एखादा उंबरा. आमच्या घराची जागा आबांना बरोबर माहीत होती. सर भिंग पुसत असताना आबा स्वतःहून एका दगडावर बसले. एक गुडघा वर घेतला, त्यावर कोपर टेकवलं, कपाळाला हात लावला आणि डोळे हळूच आभाळाकडे नेले. कुणी काही सांगितलं नव्हतं.

"असंच ना?" त्यांनी विचारलं.

"वा, आबा!" सर खूश. "एकदम नॅचरल. कुठं शिकलात?"

"त्या वक्ताला लई जण आल्ते फोटू काढाया. समदे असंच बसा म्हनायचे." आबांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. एक काम आपल्याला जमतं, एवढंच ते सांगत होते.

आईला जाळून दोन दिवस झाले नव्हते तेव्हा माझ्या बापाला त्या लोकांनी बसायला शिकवलं होतं. आणि तो अजून विसरला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "बास झालं. उठा आबा."

"माय, गप," आबा डोळे आभाळातून न काढता म्हणाले. "पाव्हन्याचं काम हाय."

सरांनी कितीतरी फोटो काढले. मी माझा कॅमेरा पर्समधून काढलाच नाही. त्या दिवशी आणखी एक कॅमेरा त्यांच्यासमोर धरायची माझी इच्छाच मेली. 

घरी आल्यावर सरांनी तो फोटो मला दाखवला. फोटो चांगला आला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणाले, हा छापायचा नाही. सर आधी समजुतीनं बोलले, मग चिडले, मग त्यांनी व्यवहार मांडला. "हे बघ. जुना कॅमेरा तूच ठेव. ताईला मी सांगतो. भाचीला दुसरा घेऊन देऊ. पण हा फोटो छापू दे."

माझा कॅमेरा मलाच लाच म्हणून देत होते. मी पर्समधून तो काढला, त्यातलं पोरींच्या फोटोंचं कार्ड तेवढं काढून घेतलं आणि तो टेबलावर ठेवला.

"हा ताईंना द्या. आबांचे ते सगळे फोटो डिलीट करा."

"वेडी आहेस का? दोन्ही मिळत होतं तुला."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी केले. त्याच अंगठ्यानं, एकेक करून. माझ्याकडे असं बघत होते, की मी त्यांचं लाखाचं काहीतरी पाण्यात टाकतेय. मी शेवटचा जाईपर्यंत हलले नाही. माहितीपत्रकावर मग कुठल्यातरी डोंगरामागचा सूर्योदय छापला. शाळेत पोरींनी विचारलं, तेव्हा कॅमेरा बिघडला म्हणून सांगितलं. नणंद पुन्हा फोनवर गोड बोलायला लागली, तेही सोसलं. मी जिंकले होते. तसं मला वाटत होतं.

दिवाळीच्या आधी आबांचा फोन आला. गावातल्या किराणा दुकानातून बोलत होते, मागं माणसांचा आवाज होता.

"माय, पाव्हन्याचं पुस्तक निघालं का गं? माझा फोटू आला का त्यात?"

 "पुस्तक निघालं, आबा. पण तुमचा फोटो नाही घेतला त्यात. नीट आला नव्हता."

 मागचा आवाज बंद झाला, बहुतेक सगळे ऐकत होते.

"मी तर नीट बसलो व्हतो," आबा म्हणाले. "समद्यायला सांगून बसलोय मी हितं."

"मी येते आबा," मी घाईनं म्हणाले. "दिवाळीला येते. चांगले कपडे घालून बसा, मी काढते तुमचा."

"हाव. तू काढ." त्यांचा आवाज जरा वर आला. मग मागच्या माणसांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलं, "तुझा तो बारका हाय ना आजून?"

"आहे, आबा," मी म्हणाले.