बांधावरची उघाडी

नव्वदच्या दशकात मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. तिथे नव्या कामगारांना करावे गावचे एक जुने फिटर शिकवत. त्यांना प्रत्येक यंत्र गावातल्या कशासारखे तरी दिसे. पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपेला ते म्हणत, "ही आमच्या बांधावरची उघाडी हाय. समजला?"

साताऱ्याहून आलेल्या एका कामगाराने मान हलवली आणि झडप उलटी बसवली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा चुकला, तर साहेब त्याला घरी पाठवणार होते.

"अरे, उघाडी रं!" फिटर ओरडले.

"दादा, म्या उघाडी बगितलीच न्हाई."

रविवारी फिटरनी त्याला स्कूटरवरून खाडीच्या बांधावर नेले. ओहोटीला शेतातले पाणी उघाडीची लाकडी झाप ढकलून खाडीत जात होते. दोघे भरतीपर्यंत बसून राहिले. खाडी चढली आणि तिच्याच दाबाने झाप बंद झाली.

"आयला, पाणी सोताच कडी लावून घेतंय की!"

सोमवारी झडप सरळ बसली. पुढच्या तुकडीला फिटर उघाडी सांगत नव्हते. "पानी सोताच कडी लावतं," ते म्हणाले आणि साताऱ्याच्या कामगाराकडे बोट दाखवले. "ह्यानी शिकवला मना."