भाजलेला उतार

जोगेश्वरी पूर्वेला आमच्या इमारतींच्या मागे टेकडीचा एक उतार आहे. घरं दुरुस्त करणारे ठेकेदार फुटक्या लाद्या आणि सिमेंटची ढेकळं तिथेच आणून ओतत. आम्ही दहा-बारा जणांनी महापालिकेच्या मागे लागून तो एका वर्षासाठी सांभाळायला मागून घेतला. अट सरळ होती. पुढच्या पावसाळ्याआधी उद्यान खात्याचे साहेब येऊन बघतील. झाडं जगलेली दिसली तर जागा आमच्याकडे राहील, नाहीतर तिथे पार्किंग होईल. गाडीवाल्यांनी तशी मागणी आधीच करून ठेवली होती.

मरोळच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर मी तेव्हा नवीनच लागले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तालुक्याच्या शाळेत असताना मला कुणी पुस्तकं दिली, कुणी जेवू घातलं, कुणी परीक्षेच्या गावी आपल्या घरात अंथरूण टाकून दिलं. त्यातल्या कुणासाठीच मी अजून काही करू शकले नव्हते. रविवारी लाद्या उचलायला माणसं हवी आहेत असं जिन्यात ऐकलं आणि मी गेले.

गटाचं सुकाणू एका नर्सताईंकडे होतं. त्यांचे आईवडील जालन्याकडून आले होते. ताई रात्रपाळी करून थेट उतारावर यायच्या आणि कुणी उशिरा आलं की म्हणायच्या, "या, या! चहा पण इथेच मांडू का?" दुसरे आमचे काका. मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून निवृत्त झालेले. काकांचा एक रविवार चुकला नाही. पावसाळ्यात आम्ही करंज, ताम्हण, आपटा, बहावा लावला. हिवाळ्यात कॉलनीतल्या झाडूवाल्यांना सांगून सुका पाला पोत्यांतून आणला आणि ओल टिकावी म्हणून प्रत्येक रोपाच्या बुडाशी गोधडीसारखा जाड पसरला. उरलेल्या पाल्याचा खाली रस्त्याच्या कडेला मोठा ढीग केला.

मे महिन्यात, साहेब यायला आठवडा उरला असताना, सकाळीच ताईंचा फोन आला. "खिडकीतून मागे बघ. आणि बादली घेऊन पळ."

मी पोचले तेव्हा धूर खाली इमारतींपर्यंत आला होता. आग सुक्या गवतातून सरकत होती आणि आमच्याच हाताने पसरलेल्या पाल्यावरून एका रोपाकडून दुसऱ्याकडे जात होती. काका ओलं पोतं घेऊन ती झोडपत होते. बादल्यांची रांग लावून आम्ही ती विझवली. तोवर अर्ध्याहून जास्त उतार काळा झाला होता.

"कोणी लावली?" ताईंनी विचारलं.

"मीच लावलंय," काका म्हणाले. "गावाक तरवो भाजतत ना, तसो ढीग भाजूक गेलंय. माका वाटला, साहेब येवच्या आधी माती सुधारात."

कोकणात भाताची रोपं जिथे करायची ती जमीन पाला, शेण, काटक्या पसरून पेरणीआधी भाजतात. काकांनी ते लहानपणापासून केलं होतं. तिथे भोवती मोकळी माती असते. इथे गवत होतं, वारा होता, आणि पाल्याच्या गोधड्या होत्या.

संध्याकाळी सगळे जमले. "वाट लागली यार," बँकेत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले. "साहेबांना सांगू, बाहेरच्या पोरांनी विडी टाकली. कोण बघायला जातंय?"

"मी जाते ना बघायला," ताई म्हणाल्या. "उद्या पार्किंगवाले पण असंच काहीतरी सांगतील, तेव्हा आपण कुठल्या तोंडाने ओरडायचं?"

 अवजारांच्या पेटीची किल्ली कट्ट्यावर ठेवून काका निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज कामावर जायच्या आधी उतारावर जायला लागलो. नखाने खोडाची साल थोडी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत. करपलेलं टोक छाटायचं, बुडाशी पाणी घालायचं, लाल चिंधी बांधायची. चिंध्या वाटल्या होत्या त्यापेक्षा जास्त लागल्या, पण हात कमी पडत होते. काका येत नव्हते.

ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. काकूंनी न विचारता पेजेच्या वाट्या पुढे ठेवल्या. "दोन दिस धड जेवूक नाय," त्या म्हणाल्या. काका भिंतीकडे बघत होते. "आता खंयच्या तोंडान येव? माझ्यामुळे जागा जातली."

ताईंनी पेज संपवली, वाटी खाली ठेवली. "भाजलंत तुम्ही आणि पाणी आम्ही घालायचं होय? छान आहे काका! उद्या सहाला या. बादली आपली आपण आणायची."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. सकाळी काका आमच्या आधी हजर होते.

साहेब आले तेव्हा उतार काळाच होता. त्यावर लाल चिंध्या आणि काही बुडांशी बोटभर कोंब, एवढंच होतं. साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच काका पुढे झाले. "आग मीच लावलंय साहेब. चूक माझी आसा. ह्यांका काय बोलू नका."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एका रोपाजवळ बसून कोंबाला हात लावला. सगळा उतार ते चढून गेले. खाली आल्यावर म्हणाले, "रस्त्याकडची पट्टी पार्किंगला जाणार. तिथे तुमचं फारसं काही उरलेलंच नाही. वरचा भाग अजून एक वर्ष तुमच्याकडे. पुढच्या वेळी मला चिंध्या नकोत, सावली दाखवा."

बँकेतले गृहस्थ पट्टीसाठी वाद घालणार होते. ताईंनी त्यांच्या दंडाला धरून थांबवलं. मला वाईट वाटलंच. लाद्या उचलायला मी पहिल्या रविवारी त्याच पट्टीत बसले होते.

दोन दिवसांनी पालिकेची माणसं दोरी धरून चुन्याची रेघ मारून गेली. रेघेच्या खालच्या बाजूला जिवंत राहिलेली थोडी रोपं होती. डांबराची गाडी यायच्या आत ती वर न्यायची होती. उन्हाळ्यात उपटलेलं झाड जगेलच असं कोण सांगणार? तरी आम्ही मुळांभोवतीची माती न फोडता कुदळ चालवत होतो, आणि निघालेला एकेक गड्डा पोत्यात बांधून वर चढवत होतो.

काका घामाने निथळत रेघेवर उभे राहिले. "हयसून वर एक चाक येवक देवचंय नाय," ते म्हणाले.

"भाषण नंतर काका," ताई वरून ओरडल्या. "हा बहावा धरा आधी, माती सुटतेय."

काकांनी खालून दोन्ही हात लावले, मी वरून पोतं आवळलं, आणि आम्ही चढायला लागलो.