अप्पांचं गॅरेज आणि माणशी तेलाचा आलेख

गेल्या शुक्रवारी सकाळी महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मी एक आलेख काढत बसले होते. आपल्या देशात माणशी किती खनिज तेल लागतं, पेट्रोल-डिझेल सगळं धरून, आणि गेल्या कित्येक वर्षांत ते कसं बदलत गेलं... क्लायंटला दाखवायचं होतं. काम नेहमीचंच.

नवा डेटा टाकला, स्क्रीनवर रेघ उमटली आणि मी ती पुन्हा एकदा नीट बघितली.

रेघ वर जात होती. वर्षानुवर्षं हळूहळू वर, लॉकडाऊनच्या वर्षी एकदम खाली, आणि मग परत वर. मी आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या आलेखात मात्र ती खाली जाऊनच संपली होती!

झालं होतं असं... इथल्या, कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरला आमच्या अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. अप्पांचे गुडघे पार गेलेत. उकिडवं बसून इंजिन उघडतात आणि उठताना स्कूटरला धरून उठतात. "आता पुरे" म्हणायची घरात कोणाची टाप नाही. रामण्णा म्हणून ओळखीचे एकजण इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमसाठी ती जागा मागत होते, पण अप्पा दाद देत नव्हते.

मग मी शहाणपणा केला. ऑफिसातली एक जुनी फाईल उघडली, माणशी तेलाचा आलेख घेतला, मोबाईलवर नीट दिसावा म्हणून शेवटची काही वर्षंच ठेवली आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अप्पा, बघा, पेट्रोलचे दिवस भरले.'

फाईल लॉकडाऊनच्या वर्षापाशीच संपत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर रेघ मला हवी तशी दिसत होती, म्हणून मी पुढे बघितलंच नाही. माझ्या टीममध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

काकांनी लगेच खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. अप्पांनी नुसते हात जोडले. मग आईचा फोन आला की अप्पा शुक्रवारी रामण्णांना तांबूल देणार आहेत. आमच्याकडे विड्याची पानं, सुपारी आणि नारळ समोरच्याच्या हातात ठेवला की शब्द दिला. कागदपत्रं नंतर सावकाश होतात, पण अप्पा दिलेला शब्द फिरवत नाहीत.

आणि तो शुक्रवार हाच. बाराला राहुकाळ संपला की तांबूल.

अप्पांना फोन लावला... उचलला नाही. गॅरेजच्या आवाजात त्यांना रिंग कधी ऐकू येते! आईही उचलेना. मॅनेजरला 'घरी अर्जंट आहे' एवढंच सांगून मी मेट्रो पकडली.

गाडीत उभी राहिले आणि डोक्यात भलतंच सुरू झालं. गप्प बसले तर? मला हवं तेच तर होतंय. अप्पा घरी बसतील, गुडघ्यांना आराम मिळेल, आणि तो आलेख पुन्हा कोण बघणार आहे? दोन स्टेशनं मी चक्क हाच विचार करत होते. स्वतःची लाज वाटली, तरी करत होते.

एम. जी. रोडला उतरून रिक्षा केली. सिग्नलला गर्दी तुंबलेली. "अण्णा, स्वल्प बेगा," जरा लवकर, म्हणून मी ड्रायव्हरच्या मागे लागले. तो शांतपणे म्हणाला, "उडून जाऊ का अक्का?" मी घड्याळ बघणंच सोडून दिलं.

गॅरेजमध्ये शिरले तर काम थांबलेलं. अप्पा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून स्टुलावर बसले होते. समोर रामण्णा. अप्पांच्या हातात ताट होतं आणि त्यात नारळ.

"अप्पा, थांबा!"

दोघंही दचकले. मी धापा टाकत मोबाईल पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. मी पाठवलेलं चित्र अर्धवट होतं. श्रीमंत देशांत ही रेघ कधीच उतरणीला लागली आहे, आपल्याकडे अजून चढतेच आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण पेट्रोलचे दिवस भरले असं मी म्हणायला नको होतं.

अप्पांनी स्क्रीनवरची रेघ बघितली. मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "रामण्णा, आज नको."

रामण्णांचा चेहरा उतरला. माझ्याकडे एकदा बघून ते "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं बिचाऱ्यांचं.

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी होते. अप्पा म्हणाले, "तू लिहिलंस म्हणून मी तयार झालो. दुसऱ्या कोणाला विचारलं पण नाही. का पाठवलंस गं?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "तुम्ही स्कूटरला धरून उठता ना अप्पा... मला बघवत नाही."

अप्पांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "अगं, गुडघे दिसत होते तर गुडघ्यांचं बोलायचं. सगळ्या देशाला कशाला मध्ये आणलंस?"

दिवसभर लोकांना आकडे समजावून सांगणारी मी, वडिलांना 'तुमची काळजी वाटते' हे तीन शब्द सांगायला आलेखाच्या आड लपले होते.

गॅरेजचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ते आता अप्पा ठरवतील. पण परवा संध्याकाळी जेवता जेवता अप्पांनी आपणहून सांगितलं, की डावा गुडघा जास्त दुखतो, जिना उतरताना भीती वाटते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा... आणि ते मला सांगितलं.