इदरीसशेठच्या पायरीवरची चंद्रकला

सूर्यमाळच्या एका पाड्यावर सुकरीला मुलगा झाला. नाव ठेवलं जिवा. आपण मुलगा नाही, मुलगी आहोत, हे जिवाने बाराव्या वर्षी आईला सांगितलं, तेही भाताची लावणी करताना, चिखलात वाकून. सुकरीने मान वर केली नाही.

"बरं," ती म्हणाली, "पण रोपं सरळ लाव."

उन्हाळ्यात पाड्यावरची विहीर आटे. बाया दूरच्या झऱ्यावरून पाणी आणत. जिवा त्यांच्याबरोबर जाऊ लागली. डोक्यावर दोन हंडे आणि समोर खडी चढण. पुरुष हसत. बायासुद्धा आधी हसल्या, मग थांबल्या, कारण तिच्या हंड्यातलं पाणी कधी हिंदकळत नसे.

वीस वर्षांची झाल्यावर चुलत्याने तिच्यासाठी नवरी पाहिली. जिवाने आईच्या पाया पडून जव्हारची एसटी धरली.

जव्हारला इदरीसशेठचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या बायकोला, हलीमाबीला, साड्यांना फॉल लावायला माणूस हवं होतं.

"नाव काय तुझं?" हलीमाबीने विचारलं.

समोर काळी, लाल काठाची चंद्रकला टांगली होती. "चंद्रकला," जिवा म्हणाली. हलीमाबीने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग सुईदोरा पुढे केला.

साखरशेत, जामसरच्या बाया बाजाराला येत, साडी हातात घेऊन कचरत. अंगावर कशी दिसेल? एका बाजाराला हलीमाबी म्हणाली, "चंद्रकला, ही नेसून जरा पायरीवर ये गं." चंद्रकला आली, वळली, पदर सोडून चार पावलं चालली. रस्त्यावरच्या बाया थबकल्या.

"चाल तर बघा पोरीची!" हलीमाबी नवऱ्याला म्हणाली. दुपारपर्यंत त्या नमुन्याची एकही साडी उरली नाही. मग दर बाजाराला लोक तिला बघायला येऊ लागले. नाशिकच्या एका छापखान्याने तिला कॅलेंडरवर घेतलं. ते मोखाड्याच्या चहाच्या टपऱ्यांवरही लागलं.

चौऱ्याऐंशी साली मुंबईहून टीव्हीवाले आले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चाचरत विचारलं, "तुम्ही आधी... कोण होतात?"

"आधीपण मीच होते," चंद्रकला हसून म्हणाली. "कपडे तेवढे चुकीचे होते."

कार्यक्रम संध्याकाळी सहाला लागणार होता. इदरीसशेठने अँटेनाचा बांबू आणखी उंच केला. सुकरी पाड्यावरून खोडाळ्यापर्यंत चालत आणि तिथून एसटीने आली. घरात मुंगीलाही जागा नव्हती. पडद्यावर लेक दिसली तशी सुकरी म्हणाली, "एवढीशी कशी दिसते? जेवते ना नीट?"

सगळे हसले. पडद्यावरची चंद्रकला डोंगरातल्या बाया लुगडं कसं नेसतात ते दाखवत होती. कासोटा घालायला लागली आणि वीज गेली.

"या अल्ला!" हलीमाबीने कपाळावर हात मारला.

"त्यात काय?" सुकरी म्हणाली. "ती इथंच तर बसलीय. ऊठ गं, पुढचं दाखव."

खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं. चंद्रकला उठली. बायांनी सरकून मध्ये जागा केली. सुकरीने आपलं गाठोडं सोडून नवं लुगडं लेकीच्या हातात दिलं. ते तिने लेकीसाठीच आणलं होतं.

पुढे मुंबईहून टीव्हीवाल्यांची बोलावण्याची पत्रं येत राहिली. दोन वर्षं दर महिन्याला ती टीव्हीवर दिसली. पण बाजाराच्या दिवशी ती जव्हारलाच असे.