टाकीतला गंज

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, जुन्या ट्रॅक्टरची डिझेलची टाकी पुन्हा उतरवून घेतली. गंज खरवडून निघावा म्हणून आत खडी आणि थोडं डिझेल घालून आम्ही दोघांनी ती हलवली, उपडी केली. गेल्या उन्हाळ्यासारखाच तांबडा गाळ निघाला.

"टाकी काठोकाठ भरून ठेव. रिकाम्या जागेत ओल धरते, मग गंज चढतो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे रे. पण नुसतं साठवलेलं डिझेलही खराब होतं. ट्रॅक्टर चालायला हवा."

लकव्यानंतर दादाचा डावा पाय क्लच दाबत नाही. मला ट्रॅक्टर चालवता येत नाही. चालत्या वस्तूला उभं राहणंच सोसत नसावं, माणसालाही.

विकून टाक, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टाकीत डोकावत दादा म्हणाला, "बघ, कशी लख्ख झाली!"

मी बॅटरीचा उजेड आत धरला. कोपऱ्यात तांबूस डाग होताच.

"हो, लख्ख," मी म्हणालो.